स्केटिंग शिकणारी मुलगी आणि घरातली तीन हेल्मेट : एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका मोठ्या सोसायटीच्या बास्केटबॉल कोर्टावर संध्याकाळी स्केटिंगचा वर्ग चालतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रशिक्षकांनी पालकांना कळवले की, वर्गातील सामाईक हेल्मेट यापुढे वापरता येणार नाहीत आणि प्रत्येक मुलाने स्वतःचे हेल्मेट आणावे. या निर्णयामागे कुठलाही अपघात नव्हता, उवा होत्या. कारण काहीही असो, निर्णय योग्य होता, आणि त्यामुळे एका कुटुंबापुढे जो प्रश्न उभा राहिला तो बहुतेक घरांत उभा राहतो तसाच होता. वर्गाच्या पालकांना साहित्याबाबत सल्ला देण्याचे काम माझ्याकडे असल्याने तो माझ्यापर्यंत आला. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील पुढील लेखनातून वगळले आहेत.

घरात आई, वडील, आजी आणि दोन मुले. मुलगी पावणेसहा वर्षांची. काही महिने इनलाइन स्केटिंग करून ती आता स्केटबोर्डची मागणी करू लागली होती. मुलगा सव्वातीन वर्षांचा. तो बिनपेडलची बॅलन्स बाईक पायाने ढकलत त्याच कोर्टाच्या कडेने फिरत असे आणि कंटाळा आला की तशीच टाकून शेजारच्या घसरगुंडीवर चढत असे. घरात तीन हेल्मेट आधीपासूनच होती. पहिले स्केटिंगच्या किटमध्ये आलेले, म्हणजे गुडघ्याच्या, कोपराच्या आणि मनगटाच्या गार्डबरोबर जाळीच्या पिशवीत मिळते ते. दुसरे स्कूटरवर बसताना घालण्यासाठी मुलीसाठी घेतलेले लहान मापाचे अर्धे हेल्मेट. तिसरे जर्मनीत राहणाऱ्या मामांनी त्यांच्या मुलाला लहान झाले म्हणून पाठवलेले, हिरव्या बक्कलचे. तीन हेल्मेट असताना चौथे कशाला, हा वडिलांचा प्रश्न होता. आईचा प्रश्न वेगळा होता : तिन्हींपैकी सर्वांत मजबूत कोणते?

मजबूत हा शब्दच येथे दिशाभूल करतो. हेल्मेटचे काम न फुटणे हे नसून डोके थांबायला थोडे अंतर मिळवून देणे हे आहे. सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी लागू असलेल्या ईएन १०७८ या युरोपीय मानकात हेल्मेट घातलेले धातूचे डोके सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर पाडतात. आपटताना त्याचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर असतो, आणि त्या क्षणी डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहावा लागतो. आता साधा हिशेब करून पाहावा. या वेगाने आलेले डोके अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरात थांबले, तर सरासरी धक्काच ३०० पटींच्या घरात जातो. तेच दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर तो ७५ पटींवर येतो. हे दीड-दोन सेंटिमीटर हेल्मेटच्या आतला पांढरा किंवा काळा कडक थर देतो. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो त्याच जातीचा, पण अधिक दाट असा हा थर असतो. तो चिरडला जातो आणि चिरडला जाण्यासाठीच तो बसवलेला असतो. त्यावर चिकटवलेला मऊ स्पंज केवळ आरामासाठी आणि घाम टिपण्यासाठी असतो.

किटमधले हेल्मेट या एका कसोटीवर बाद झाले. आतल्या स्पंजच्या पट्ट्या वेल्क्रोवरून सोडवल्या तर खाली थेट प्लास्टिकचे कवच लागले. त्यात थर्मोकोल नव्हतेच. वरून ते देखणे होते, भोके नीट कापलेली होती, मागे घट्ट करण्याची चक्रीही होती. परंतु आत कोणत्याही मानकाचा क्रमांक, निर्मात्याचे नाव किंवा निर्मितीचा महिना-वर्ष यांपैकी काहीही छापलेले नव्हते. अशा वस्तूला हेल्मेट म्हणून विकू देणे हाच मुळात गैरप्रकार आहे, असे माझे मत आहे. साताठशे रुपयांत चार वस्तू देणाऱ्या किटमध्ये गुडघ्याचे आणि मनगटाचे गार्ड पुष्कळदा कामचलाऊ तरी निघतात. डोक्याच्या बाबतीत कामचलाऊ या शब्दाला अर्थ नाही. मुलगी इतके महिने हेच हेल्मेट घालून शिकत होती. तिच्या डोक्यावर काहीतरी होते म्हणून सर्वांना निश्चिंत वाटत होते, आणि डोके उघडे राहण्यापेक्षा ही खोटी निश्चिंती मला अधिक चिंतेची वाटते.

स्कूटरच्या हेल्मेटविषयी मात्र आईचा भरवसा मोठा होता. ते जड होते, त्यावर आयएसआयचे चिन्ह होते आणि आत खरे थर्मोकोल होते. चार वर्षांवरील प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२३च्या फेब्रुवारीपासून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठीही हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षा-पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम लागू आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, आणि त्यामागे असते ते आयएस ४१५१ हे मानक. तेव्हा या हेल्मेटमध्ये दोष काहीच नव्हता. प्रश्न एवढाच होता की, ते ज्या पडण्यासाठी बनवले आहे ते पडणे स्केटिंगच्या वर्गात होत नाही. दुचाकीच्या हेल्मेटमधले थर्मोकोल मोठ्या आघाताच्या हिशेबाने अधिक घट्ट ठेवलेले असते; लहान मुलाचे हलके डोके कमी उंचीवरून आपटले, तर ते पुरेसे दबेलच असे नाही. न दबलेले थर्मोकोल म्हणजे नुसती भिंत.

दुसरा मुद्दा वजनाचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हे हेल्मेट पाऊण किलोच्या आसपास भरले, तर सायकल-स्केटिंगचे मुलांचे हेल्मेट साधारण अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅमचे असते. मुलीचे वजन अठरा किलो. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मानेचे स्नायू मात्र कोवळे असतात. मोठ्या माणसाची मान झटक्यात खालच्या बाजूला, पाचव्या-सहाव्या मणक्याजवळ वाकते. लहान मुलाची त्याहून बरीच वर, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी. त्या जागेवर अनावश्यक वजन ठेवण्याचे कारण नाही. शिवाय कान झाकले गेले की प्रशिक्षकाची हाक नीट पोहोचत नाही. आईने हे सर्व ऐकून घेतले आणि हेल्मेट पुन्हा स्कूटरच्या डिकीत गेले, जिथे त्याची खरी गरज होती.

मामांच्या हेल्मेटवर मी सर्वांत अधिक वेळ घालवला, कारण ते तिघांत सर्वांत विचारपूर्वक बनवलेले होते. हिरवे बक्कल ही शोभेची गोष्ट नव्हे. स्वीडन आणि आसपासच्या देशांत काही लहान मुले हेल्मेट न काढताच खेळाच्या मैदानातील शिडीवर चढली, त्यांचे डोके गजांमध्ये अडकले आणि हनुवटीखालच्या पट्ट्याने गळफास बसून त्यांचा मृत्यू झाला. त्यातून लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळे मानक आले. त्यातले बक्कल ठरावीक ताण पडला की आपोआप सुटते, आणि ते ओळखू यावे म्हणून हिरवे असते. सायकलवरून पडताना हेच बक्कल नको त्या क्षणी सुटण्याची शक्यता उरते, म्हणजे एका धोक्याच्या बदल्यात दुसरा थोडा पत्करलेला असतो. सव्वातीन वर्षांच्या, सायकल टाकून घसरगुंडीवर चढणाऱ्या मुलासाठी हा सौदा फायद्याचा होता. पावणेसहा वर्षांच्या आणि स्केटवर वेग घेणाऱ्या मुलीसाठी तो तितकासा फायद्याचा नव्हता.

तेव्हा हे हेल्मेट धाकट्याचे, असे जवळजवळ ठरले होते. पण वापरलेल्या हेल्मेटला पूर्वेतिहास असतो आणि तो विचारावा लागतो. मामांना फोन लावल्यावर त्यांनी सांगितले की, त्यांचा मुलगा एकदा जिन्याच्या पायऱ्यांवरून सायकलसकट गेला होता, पण काही झाले नाही. काही झाले नाही ते मुलाला. आतले पॅड काढून हेल्मेट खिडकीच्या उजेडात धरले तेव्हा डाव्या बाजूला, दोन भोकांच्या मधोमध, केसाएवढी बारीक भेग दिसली. नख फिरवले की ती जाणवत होती. कवचावर बाहेरून ओरखड्यापलीकडे खूण नव्हती. या प्रकारचे थर्मोकोल एकदा दबले की पुन्हा पूर्वीसारखे फुगत नाही. त्याने आपले काम करून टाकलेले असते. मामांनी प्रेमाने पाठवलेली वस्तू टाकून देणे आजींच्या जिवावर आले, आणि ते स्वाभाविकही होते. कपडे, पुस्तके, सायकली एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणे ही आपल्या घरांची चांगली रीत आहे. हेल्मेट त्या रीतीत बसवायचे असेल तर ते कधीही आपटलेले नाही याची खात्री देणारा माणूस घरातलाच हवा.

अशा रीतीने तीनही हेल्मेट कोर्टावरून बाद झाली आणि दोन नवी घेण्याचे ठरले. खरी गोष्ट येथून पुढे आहे, कारण चांगले हेल्मेट चुकीच्या मापात घेण्याइतके सोपे दुसरे काही नाही.

मुलीच्या डोक्याचा घेर शिवणाच्या टेपने मोजला. भुवयांच्या वर दोन बोटे आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग, अशी टेप फिरवल्यावर तो साडेपन्नास सेंटिमीटर भरला. दुकानात मुलांची दोन मापे होती : ४८ ते ५२ आणि ५२ ते ५६. दुकानदार म्हणाले, “साहेब, मोठंच घ्या. मागची चक्री आवळली की बसतं, दोन-तीन वर्षं बघायला नको.” वडिलांना ते पटले. गणवेश, बूट, रेनकोट हे सारे वाढत्या मापाचे घेण्याची आपल्याला पिढ्यान्पिढ्या सवय आहे आणि कपड्यांपुरती ती शहाणपणाचीही आहे. डोक्याच्या बाबतीत मात्र तिचा पायाच चुकीचा ठरतो, कारण डोके पायासारखे वाढत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला असतो, आणि पाच ते दहा या वयात घेरात साधारण दोन सेंटिमीटरांचीच भर पडते. म्हणजे बूट दर वर्षी बदलावे लागतील, पण नीट बसणारे हेल्मेट सहजी पुढली काही वर्षे पुरेल. वडिलांचा काटकसरीचा हेतू लहान मापानेच अधिक साधत होता.

दोन्ही मापे मुलीच्या डोक्यावर ठेवून पाहिली. मोठ्या मापाची चक्री शेवटपर्यंत आवळल्यावर ते डोक्यावर राहिले खरे, परंतु पकडून ठेवत होता तो आतला प्लास्टिकचा कंगोरा. थर्मोकोल दोन्ही कानशिलांपासून बोटभर लांब होते. तळव्याने पुढून हलकेच ढकलले तर हेल्मेट केसांच्या रेषेपर्यंत मागे सरकले आणि कपाळ पूर्ण उघडे पडले. तोंडावर पडणाऱ्या मुलाचे पहिल्यांदा आपटते ते नेमके हेच कपाळ. लहान माप घातल्यावर, पट्टा न लावताही, हेल्मेट हलवले की तिच्या भुवया आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलत होती. कानाखाली पट्ट्यांचा कोन बरोबर बसवला, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी जागा ठेवली आणि तिला मोठी जांभई द्यायला सांगितली. हेल्मेट किंचित खाली ओढले गेले, म्हणजे पट्टा योग्य होता.

मग आजींनी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. दुकानात आली तेव्हा मुलीचे केस मोकळे होते. वर्गाला मात्र ती शाळेतून थेट जाते, तेव्हा डोक्यावर उंच बांधलेल्या दोन शेंड्या आणि रिबिनी असतात. पर्समधली दोन रबरे काढून आजींनी तिथेच शेंड्या घातल्या. तेच हेल्मेट आता दोन गाठींवर टेकले, कपाळापासून वर उचलले गेले आणि डोलू लागले. चक्री कितीही आवळली तरी उपयोग नव्हता. मानेपाशी खाली बांधलेली एकच वेणी घातल्यावर ते पुन्हा जागेवर आले. तेव्हापासून वर्गाच्या आधी शेंड्या सोडून वेणी घालण्याचे काम आजींकडे आहे, आणि या प्रकरणातील कोणत्याही मानकाइतकेच मी त्याला महत्त्व देतो.

कोणत्या प्रकारचे हेल्मेट, हा प्रश्न स्केटबोर्डच्या मागणीमुळे थोडा गुंतागुंतीचा झाला होता. सायकलचे हेल्मेट मुख्यतः पुढे पडण्याचा विचार करून आखलेले असते. स्केटवर आणि विशेषतः बोर्डवर शिकाऊ मूल पुष्कळदा मागे पडते, कारण बोर्ड पायाखालून पुढे निसटतो. म्हणून डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारे, गोल आकाराचे हेल्मेट सोयीचे पडते. अमेरिकेत स्केटबोर्डसाठी एएसटीएम एफ १४९२ हे वेगळे मानक आहे. त्यात एकाच जागी पुन्हापुन्हा आपटून पाहतात, पण उंची कमी असते. १९९९पासून तेथे सायकल हेल्मेटना सक्तीचे असलेले सीपीएससीचे, म्हणजे तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचे, मानक याउलट दोन मीटरवरून एकदाच पाडते, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी डोक्याचा अधिक भाग झाकण्याची अट घालते. बाजारात स्केटबोर्डसारखी दिसणारी पण आत यांपैकी एकही क्रमांक नसलेली हेल्मेट भरपूर आहेत. आम्ही आतल्या स्टिकरवर दोन्ही मानके छापलेले हेल्मेट निवडले, आणि मोठ्या स्पर्धकांच्या डोक्यावर असते तसले, मागे निमुळते टोक असलेले रेसिंगचे हेल्मेट मुलीने दोनदा हातात घेतले तरी घेतले नाही. पाठीवर पडताना ते टोक जमिनीवर टेकून डोके पुढे ढकलू शकते, आणि शिकाऊ मुलाला वाऱ्याचा विरोध कमी करण्याची घाई नसते.

दुकानात जवळजवळ दुप्पट किमतीचे, आत पिवळा ठिपका असलेले मिप्सचे हेल्मेटही होते. तिरक्या आघातात डोक्याला बसणारी पिळवटणारी गती कमी करण्यासाठी आत सरकणारा पातळ थर देण्याची ही कल्पना स्टॉकहोमच्या तंत्र विद्यापीठातील संशोधनातून आली. सीपीएससी किंवा ईएन १०७८च्या चाचणीत ही गती मोजलीच जात नाही, त्यामुळे कल्पनेत तथ्य आहे आणि ऐपत असेल त्याने ती जरूर घ्यावी. परंतु त्या हेल्मेटमध्ये मुलीच्या मापाचा साचा तिच्या लांबट डोक्याला बाजूंनी सैल पडत होता. तेव्हा स्वस्त पण घट्ट बसणारे घेतले. हा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

बोर्डचा निर्णय मात्र वेगळा झाला. पाच वर्षांखालील मुलांनी स्केटबोर्ड वापरूच नये आणि दहा वर्षांपर्यंत मोठ्यांच्या बारीक देखरेखीखालीच वापरावा, अशी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. मुलीने मोबाइलवर स्काय ब्राउन या ब्रिटिश-जपानी खेळाडूचे व्हिडिओ पाहिले होते, जिने २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तेराव्या वर्षी कांस्यपदक मिळवले. वडिलांना त्याच खेळाडूची आधीची गोष्ट ठाऊक नव्हती. २०२०मध्ये, अकरा वर्षांची असताना, कॅलिफोर्नियात सराव करताना ती रॅम्पवरून खाली पडली, तिच्या कवटीला आणि हाताला फ्रॅक्चर झाले. हेल्मेट आणि हात यांमुळे जीव वाचला, असे तिने स्वतः सांगितले. हेल्मेट असूनही कवटीला तडे गेले, या वाक्याचा दुसरा भाग पालकांनी विसरू नये. बोर्ड तूर्त सपाट कोर्टावर, प्रशिक्षकांच्या हाताशी आणि रॅम्पशिवाय, असे ठरले. मुलीने तीन दिवस अबोला धरला.

धाकट्याच्या डोक्याचा घेर ४९ भरला. हिरव्या बक्कलचे हेल्मेट येथल्या दुकानांत मिळाले नाही, म्हणून वय वर्षे एकपासून पुढच्यांसाठी असे सीपीएससीचे लेबल असलेले साधे हेल्मेट घेतले आणि त्याबरोबर एक नियम केला : सायकलवरून उतरताच हेल्मेट काढायचे आणि हँडलला अडकवायचे. सव्वातीन वर्षांच्या मुलाने नियम पाळण्याची अपेक्षा नाही. नियम कोर्टावर बसणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे. बक्कल लावताना हनुवटीखालची कातडी चिमटली गेली तर मूल आठवडाभर हेल्मेट घालू देत नाही, म्हणून लावताना आपले बोट मध्ये ठेवावे, हेही सर्वांना दाखवून ठेवले. वडिलांना दोन्ही हेल्मेटवर मुलांची नावे ऑइल पेंटने लिहायची होती. रंगातील द्रावके कवच आणि थर्मोकोल दोन्ही खराब करू शकतात, त्यामुळे नावे पट्ट्यांवर मार्करने लिहिली. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हेल्मेट ठेवू नये, हे मात्र एकदा सांगून भागले नाही.

फेब्रुवारीत मुलगी उलटे स्केटिंग शिकताना पाठीवर पडली आणि डोक्याची मागची बाजू कोर्टाच्या सिमेंटवर आपटली. ती रडली, उठली, पाणी प्यायली. उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे असे काही आढळले नाही, तरी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून रात्रभर लक्ष ठेवले. हेल्मेट बाहेरून जसेच्या तसे होते. आतले पॅड काढल्यावर मागच्या बाजूला थर्मोकोल रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दबलेले आणि गुळगुळीत झालेले दिसले. आता तीन महिन्यांतच पुन्हा पैसे घालायचे का, असे वडिलांनी विचारले खरे, पण बोटाने तो खळगा चाचपून पाहिल्यावर पुढच्या रविवारी त्यांनीच त्याच दुकानातून त्याच मापाचे नवे हेल्मेट आणले. जुन्याचे पट्टे कात्रीने कापून मगच ते भंगारात दिले, कारण कापले नसते तर ते कोणा दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर गेले असते.